पाखरांसाठी राखलेला आवाज

वाइन महोत्सवात तो मला दरवर्षी भेटतो, त्याच्या द्राक्षांची वाइन ज्या स्टॉलवर मिळते तिथेच. दिंडोरीकडचा बागायतदार. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे स्वतः थेंबही घेत नाही. घोट घेणाऱ्याच्या गळ्याकडे मात्र टक लावून बघतो आणि विचारतो, "कशी लागली?" तेही इतकं हळू, की मला दरवेळी "काय म्हणालात?" करावं लागतं.

"आवाज समदा बागेतली पाखरं हाकलण्यात जातो, ताई," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

"छान आहे" म्हटलेलं त्याला पुरत नाही. खरा निकाल घरी अडकलेला. खायची द्राक्षं काढून त्याने वाइनची लावली, तेव्हापासून बायको त्या बागेत पाय ठेवत नाही. "दारूची बाग" म्हणते.

यंदा ती आली होती. लोक पिऊन कसा तमाशा करतात ते बघायला आलेय, असं तिनेच मला सांगितलं. तमाशा काही होईना. शेवटी तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, स्टॉलवरचा एक भरलेला ग्लास उचलला आणि सगळ्यांदेखत तोंडाला लावला. तो नुसता तिच्या गळ्याकडे बघत राहिला.

तिने ग्लास रिकामा केला आणि त्याच्यापुढे धरला. "अहो, ओता की अजून थोडी!"

त्यावर त्याने जी आरोळी ठोकली, तिने स्टेजवरचं गाणं थांबलं आणि मैदानाकडेच्या झाडांवरची झाडून सगळी पाखरं उडाली.