अ‍ॅक्टिंग हेड अबेना

आमच्या नॉटिंगहॅमच्या ऑफिसात अबेनाचे किस्से इतके साठलेत, की लंच अवर पुरत नाही. अबेना मूळची घानाची, डॉक्टरेट केलेली, हॉस्पिटलांच्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या टीमची हेड. म्हणजे ‘अ‍ॅक्टिंग’ हेड. दोन वर्षं झाली, तिला कायम करायला कुणाला सवड नाही!

*

क्लायंट आले की हात आधी कॉलिनशी मिळवतात. कॉलिन तिचा ज्युनिअर. त्याचं भांडवल म्हणजे पिकलेले केस. एका साहेबांनी तासभर त्यालाच प्रश्न विचारले. दर वेळी कॉलिन अबेनाकडे बघायचा, ती उत्तर द्यायची आणि साहेब कॉलिनला थँक्यू म्हणायचे. अक्कल गहाण टाकून येतात की काय ही माणसं!

*

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पुण्याहून आले त्या पहिल्या दिवशी रिसेप्शनपाशी अबेना उभी दिसली आणि मी तिच्याकडे व्हिजिटर पास मागितला. तिने तो शोधला, माझं नाव लिहून दिला. दहा मिनिटांनी मीटिंगमध्ये तीच समोर, हेडच्या खुर्चीत. अजून आठवलं की लाज वाटते.

*

दिवाळीला तिला घरी फराळाला बोलावलं. कॉव्हेंट्रीचे देशपांडे काका आले होते. तिच्याकडे एकवार बघून मला म्हणाले, "अगं, बॉसना नाही बोलावलंस?"

"काका, याच माझ्या बॉस."

हातातली करंजी संपायच्या आत काकांनी अबेनाचा नंबर घेऊन सुनेचा सीव्ही तिला पाठवला.

*

शेवटी यंदा जागा कायमची भरायचं ठरलं. अबेनाने अर्ज केला. आमच्याकडे रीत अशी, की इंटरव्ह्यूचे प्रश्न आणि त्यांची मॉडेल उत्तरं डिपार्टमेंटच्या हेडने लिहायची. एचआरने ठरलेली मेल हेडला, म्हणजे तिलाच पाठवली. मी स्वतःच उमेदवार आहे, असं तिने कळवलं. एचआरचं उत्तर आलं, "प्रोसेस इज प्रोसेस." मग तिने दहा प्रश्न लिहिले, दहा उत्तरं लिहिली, खाली सही केली.

इंटरव्ह्यूला तिघांचं पॅनेल. तिने उत्तरं दिली ती शब्दशः तीच. निकाल, दहापैकी सहा. शेरा, विषयाची पकड थोडी कमी पडते.

अबेनाने सही केलेला तो कागद तिघांना पाठवून दिला. लगेच फोन आला. काहीतरी गैरसमज झाला, मार्क वाढवून देतो, जागा तुमचीच.

"मार्क राहू देत," अबेना म्हणाली. "चार कुठे कापले, तेवढं समजावून सांगा."

मंगळवारी मीटिंग आहे. तिने तीन खुर्च्या आणि एक व्हाइटबोर्ड मागवलाय.