चालत्या गाडीत उभी

आमच्या डेपोतली मी पहिली बाई कंडक्टर. दारव्हा-पुसद ही माझी गाडी. कापसाची ती वर्षं वाईट होती. बोंडं भरायची नाहीत, भरली तर भाव नसायचा. नवऱ्याच्या शेतातून काही हाती येईल याचा भरवसा उरला नव्हता. घर माझ्या पगारावर चालत होतं आणि पगार माझ्या पायांवर.

त्यातला उजवा पाय बसत चालला होता. आधी घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आली, मग तळव्याची कमान गेली, मग टाच बाहेर कलली. तीन वर्षं मी बुटात गाद्या घातल्या, पट्टे बांधले. डेपोतले म्हणायचे, "बाईमाणसाचं कामच नव्हे हे." मी डबल बेल द्यायची आणि निघायची.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी मला पाठमोरं उभं केलं. "मागून डाव्या पायाची दोन बोटं दिसतात, उजव्याची चार," ते म्हणाले. मग एकट्या उजव्या पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली. भिंतीला धरून मी सगळा जोर लावला, पण टाच हलली नाही. कमान धरून ठेवणारी शीर झिजून तुटली होती, सांधे आखडले होते. आता गाद्यांनी भागणार नव्हतं. घोट्याखालचे तीन सांधे स्क्रूने कायमचे जोडायचे आणि तीन महिने पाय टेकवायचा नाही.

"पाय वर-खाली होईल, पण डावी-उजवीकडे लवणार नाही. बसून करायचं काम आहे ना?"

"नाही. उभ्यानं. चालत्या गाडीत."

"मग दुसरं काम मागून घ्या."

"तुम्ही ऑपरेशन करा. कामाचं मी पाहते."

त्या तीन महिन्यांत नवरा भाकरी थापायला शिकला. पहिल्या आठवड्यातल्या खाण्यासारख्या नव्हत्या. मी खाल्ल्या.

डेपोत परतले तेव्हा साहेबांनी चौकशीच्या खिडकीमागची खुर्ची दाखवली. "पंख्याखाली बसा आरामात. पाय अधू झाला तुमचा."

"अधू आधी होता साहेब. आता सरळ झालाय. एक फेरी पाहा माझी. पडले तर बसते खुर्चीवर."

फेरीच्या तयारीला त्यांनी पंधरा दिवस दिले.

मी माझ्याच जुन्या गाडीत प्रवासी म्हणून उभी राहू लागले. पहिल्याच दिवशी वळणावर पडले. पूर्वी पाय आपोआप लवून तोल धरायचा, आता खांबासारखा तसाच राहिला. वेचणीवरून परतणाऱ्या तांड्यावरच्या एका बाईच्या मांडीवर मी आदळले.

"अवं, बस ना. उभी काहून राह्यली?"

"सगळे मले बसायलेच सांगून राह्यले, माय."

ती हसली. "मंग राह्य उभी. पडली त मी आहो ना."

हळूहळू जमलं. पाय फाकवून ठेवायचे, कंबर सीटला टेकवायची, पायाचं काम गुडघ्याकडून करून घ्यायचं. ड्रायव्हरदादा ओरडायचे, "डावं वळण!" सगळी गाडी हसायची. नांगरलेल्या रानात मला आजही चालता येत नाही, ढेकळावर पाय उलटतो. गाडीचा पत्रा निदान सपाट असतो.

फेरीच्या दिवशी दादांना सांगितलं, "आज ओरडू नका." बाजाराचा दिवस होता, गाडी खच्चून भरलेली. साहेब मागच्या सीटवर. पुसदच्या अलीकडच्या घाटात त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला होता. मी दोन्ही हातांनी तिकिटं फाडत होते. घाट उतरायच्या आत सगळ्या गाडीची तिकिटं झाली होती.

पुसदला उतरून ते चहा प्याले. माझ्या बुटांकडे पाहत त्यांनी कप ठेवला. मग म्हणाले, "उद्यापासून ड्युटी लावतो."

परतीची गाडी भरली. ते खिडकीशी जागा धरून बसले. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"तिकीट, साहेब."

"अहो, पास आहे माझ्याकडे."

"दाखवा."