पुठ्ठ्याचा भोंगा

"तमाम पार्सलवाले, घडीवाले, टेम्पोवाले आणि चहाच्या निमित्तानं आत घुसलेले इतर सज्जन यांना कळविण्यात येते की, आज आखाजीच्या मुहूर्तावर, ठीक अकरा वाजता, आमच्या एकुलत्या एका भाचीचं वजन जाहीर होणार आहे. सर्वांनी हातातली कामं थांबवून गंभीर चेहऱ्यानं उभं राहावं."

हा मजकूर माझा. लिंबायतमधल्या आमच्या साड्यांच्या पॅकिंगच्या गोडाऊनमध्ये मी तो दहा वर्षं, दर आखाजीला, भोंग्यातून म्हटला. भोंगा म्हणजे कापडाचा तागा ज्यावर गुंडाळतात ती पुठ्ठ्याची नळी. तोंडाला लावली की माझ्यासारख्या पॅकिंगवाल्यालाही मंत्र्याचा आवाज येतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण उधन्याहून माहेरपणाला माझ्याकडे येते. पहिल्या वर्षी भाची नऊ वर्षांची होती. गोडाऊनमधला पार्सलचा काटा दिसला आणि ती स्वतःच त्यावर चढून बसली. गाठींवर पत्ते लिहायच्या काळ्या मार्करनं मी खांबावर लिहिलं : अठ्ठावीस. घडी घालणारे हसले, तिनं कमरेत वाकून मुजरा केला, आणि माझ्या डोक्यात नाटक कंपनी उभी राहिली.

मग नियम आले. मागच्या आखाजीपेक्षा जितके किलो जास्त, तितक्या प्लेट लोचो, म्हणजे इथला गुजराती, वाफवलेल्या डाळीचा गरमागरम नाश्ता. वर बटर, चीज, शेव आणि सोबत थंडा. बक्षीस मामाकडून. बारीक मूल म्हणजे आईबापाची बेअब्रू, असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटायचं. मला तर जरा जास्तच वाटायचं, कारण लहानपणी माझ्या बरगड्या मोजता यायच्या.

बहिणीची तक्रार एकच. "पोरले नजर लागी जाई, भाऊ!" घरी गेल्यावर ती मीठ-मिरची उतरवून टाकायची. मग त्याच हातानं पोरीच्या ताटात पापड, लोणचं, भजी आणि वर पुन्हा मीठ.

पंधराव्या वर्षी भाची काट्यापाशी येऊन थांबली. माझ्या शर्टाची बाही ओढून अगदी हळू म्हणाली, "मामा, या वर्षी नको ना."

मला ते नीट ऐकू आलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण त्यानंतर कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो की गोंगाटात ऐकू आलं नसेल. मी भोंगा उचलला आणि गर्जलो, "ताजी बातमी! उमेदवार घाबरलेला आहे! पाठिंबा द्या!"

टाळ्या पडल्या. ती चढली. खांबावर एक्काहत्तर. त्या वर्षी मुजरा झाला नाही. मी म्हटलं, मुलगी मोठी झाली, लाजायला लागली.

पुढच्या वर्षापासून ती चपला काढून, कानातले काढून, ओढणी बाजूला ठेवून चढायची. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नसायचा. ते कळल्यावर मी त्याचाही विनोद केला, "धरणात यंदा पाणीसाठा शून्य!" तरी सोळाव्या वर्षी आकडा ऐंशी. लोचो मात्र ती सगळा खायची, खाली मान घालून, भराभर. मला वाटायचं, आवडतो.

एकोणिसाव्या वर्षी तिचं डोकं दुखायला लागलं. माझ्या खणात पॅकिंगवाल्या पोरांसाठी डोकेदुखीच्या गोळ्या असतात, त्या मी तिला मूठभर देऊन ठेवल्या. दुखणं थांबेना, म्हणून चष्मा लागला असेल असं ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि चष्म्याचं नावही न काढता म्हणाले, हिचं बीपी बघा. बीपी बघितलं. मग लघवी तपासली. मग आम्ही तिघं, म्हणजे बहीण, भाची आणि मी, किडनीच्या डॉक्टरांसमोर बसलो. या गुजराती शहरात बाई नेमक्या मूळच्या आपल्याच मुलखातल्या निघाल्या, मराठीत बोलल्या, त्यामुळे न समजल्याचं सोंग करायची सोयही राहिली नाही.

त्या म्हणाल्या, शरीर वाढत गेलं तसं किडन्यांना जास्तीचं काम पडलं. वरून रक्तदाब. इतकी वर्षं राबून गाळणी सैल झालीय, लघवीतून प्रोटीन जातंय. त्या डोकेदुखीच्या गोळ्या आजपासून बंद, त्यांनी किडनीला आणखी त्रास होतो. वजन हळूहळू उतरलं, मीठ कमी झालं, औषध चुकलं नाही, तर जे उरलंय ते बरंचसं वाचवता येईल. हयगय केली तर तिशी-पस्तिशीत डायलिसिसच्या खुर्चीत बसावं लागेल. एकोणीस वर्षांच्या मुलीनं हे ऐकलं. बहीण पदराला गाठ मारत, सोडत होती.

"वजन कधीपासून वाढलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ही जन्मापासून अशीच," बहीण म्हणाली.

तशी नव्हती. मला माहीत होतं. मी गोडाऊनमध्ये फोन लावला, खांबाचा फोटो मागवला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. अठ्ठावीसपासून शहाण्णवपर्यंत, माझ्या वळणदार अक्षरात, प्रत्येक आकड्याला भोवती महिरप.

डॉक्टरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. एक्काहत्तर आणि ऐंशीच्या मध्ये त्यांचं बोट थांबलं.

"हे कोणी लिहिलं?"

मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवरून उतरायची घाई झाली होती.

"रेकॉर्ड उत्तम ठेवलंय," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "पण दर वर्षी एवढं चढत होतं, तर घरात कोणीच कसं काही बोललं नाही?"

भाची एकदम बोलून गेली, "बोलले ना, मॅडम! मामा तर दर वर्षी भोंगा लावून सांगायचे!"