दुसऱ्यांदा कोणी विचारले नाही

३० जून २०१७ रोजी मी आमच्या गावाच्या, व्हीझनरॉइटच्या, क्रीडा मंडळाचे बँकेतले खाते बंद केले. शिल्लक १,८४६ युरो ३० सेंट होती. ती नव्या संयुक्त संघाकडे वळती केली. खजिनदार म्हणून माझे काम तिथे संपले. हार्टमुट त्सिर्नगिबलचे मात्र बरेच काही संपले.

हार्टमुट सत्तावीस वर्षे आमच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता. दिवसा लाकडाच्या वखारीत, संध्याकाळी मैदानावर. चुन्याच्या रेषाही तोच आखायचा. संघाला त्याने एकदाच वरच्या गटात नेले आणि पुढच्याच वर्षी संघ पुन्हा खाली आला, तरी त्याला काढावे असे कोणाच्या मनात आले नाही.

पण गावात तरुण उरले नाहीत. शेजारच्या ओबरलोहची तीच गत. दोन्ही संघ एक करायचे घाटू लागले, आणि प्रशिक्षक हार्टमुटच हवा असे ओबरलोहवालेच म्हणाले. त्यांना हरवायचे, हाच त्याने जन्मभर ध्यास घेतला होता.

सभा गावच्या बिअरखान्यात भरली. अध्यक्षांनी विचारले, "हार्टमुट, घेशील ना संघ?"

"त्यांचा निळा सदरा घालू? त्यापेक्षा कोंबड्या पाळीन!"

हशा पिकला. आपण नाही म्हटले की बेत बारगळेल, निदान कोणी मनधरणी तरी करील, असे त्याला वाटले होते. पण आमच्याकडे माणूस नाही म्हणाला की नाही. पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्या शब्दाला किंमत न देणे. एकत्र येण्याच्या बाजूने हात वर झाले. त्याच्या लाडक्या गोलरक्षकाचा, कोर्बिनियानचाही.

पुढे कित्येक दिवस फोन वाजला की हार्टमुट आधी उठायचा. शेवटी बायको रोसविटा वैतागली.

"अरे, तूच कर की फोन! हो म्हणायला लाज कसली?"

"मी का? गरज त्यांना आहे."

"त्यांना मिळाला एक. तिशीतला आहे म्हणे. बेकरीत कळलं."

तो म्हणाला, "रेषा कोण आखणार?"

ऑगस्टमध्ये संयुक्त संघाचा पहिला सामना ओबरलोहच्या मैदानावर झाला. हार्टमुट चालत गेला. फाटकाशी म्हातारा आल्फोन्स तिकिटांचा गल्ला घेऊन बसला होता.

"काय रे, कोंबड्या कशा आहेत? चार युरो काढ."

"माझ्याकडून?"

"पोप आले तरी चारच."

हार्टमुटने खिसे चाचपले. इतक्या वर्षांत मैदानावर पाकीट न्यायची त्याला सवयच लागली नव्हती.

"असू दे, पुढच्या खेपेला दे," आल्फोन्स म्हणाला.

तो कुंपणाशी उभा राहिला. कोर्बिनियान धावत आला. "ट्रेनर, इकडे बाकावर या ना!"

"नको रे. इथून बरं दिसतं."

"बरं," म्हणून कोर्बिनियान परत गेला. मध्यंतराला हार्टमुट घराकडे निघाला. पुढच्या खेपेला तो कधी गेलाच नाही.

ओबरलोहच्या फाटकावर त्याच्याकडून चार युरो येणे आहेत.