हाकेला न वळलेली म्हैस

पतपेढीच्या अध्यक्षानं आम्हा ठेवीदारांना बुडवलं, तेव्हापासून ठाण्यातल्या या हवालदारांशी माझी गाठ पडते. ते साधी गोष्टही ओरडूनच सांगतात. "पूर्वी जप्त केलेलं निकालापर्यंत कुजायचं, ताई! आता कायदा बदललाय. कोर्टानं हुकूम दिला की विकून फसलेल्यांना वाटायचं."

अध्यक्षाच्या गोठ्यावर जप्ती आली, तेव्हा त्याचा मेहुणा खरेदीचा कागद नाचवत पुढं झाला. "म्हशी माझ्या हायत!" त्या सुटल्या असत्या, तर आमच्या हाती काहीच उरलं नसतं.

"मग मारा की हाक, पावणं," हवालदार म्हणाले.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी मालकाच्या हाकेवर गाडीमागं पळतात. मेहुण्यानं घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, पण पुढ्यातली म्हैस रवंथ करत राहिली. हवालदारांनी बाजूला उभ्या अध्यक्षाला सहज त्याचं पूर्ण नाव विचारलं. त्यानं तोंड उघडताच ती दावं ताणून त्याच्याकडं वळली.

"कागद तुमचा, म्हस दाजींची! कोर्टात हे चालायचं न्हाय, पण पैसे कुणी दिले ते ठाण्यात येऊन सांगा."

मेहुण्यानं कागद खिशात घातला.

पंचनाम्याआधी हवालदारांनी स्वतः बादली भरून म्हशीला पाणी पाजलं. पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "उद्या तुमच्या कामाला यायची हाय, ताई. वाळून चालंल व्हय?"