सुदामची चाल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझा चोरून खाल्लेला लाडूही लपत नाही.

पण आधी जरा मिरवू द्या. मिरवण्यासारखं आहेच ते! बहरीनमध्ये विमा कंपनीत काम करणारा, पन्नाशीतला, पुण्याचा मी — आणि इंग्रजांच्या बँडमध्ये सिंथेसायझर वाजवत होतो. गाणारा डॅनी आणि त्याचे दोन मित्र, तिघेही इथल्या शाळेत शिक्षक. ऐंशीच्या दशकातला त्यांच्याकडचा न्यू वेव्ह पॉप — खटकेबाज ठेका, वर सिंथची अशी धून, की पाय आपोआप हललेच — तो त्यांना नव्यानं आणायचा होता. अदलियातल्या कॅफेत पहिल्यांदा वाजवलं तेव्हा ऐकायला अकरा माणसं. त्यातले चार वेटर.

मग आमचं एक गाणं आलं, आणि काय सांगू! अमवाजला समुद्राकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. गाणं इंग्लंडच्या रेडिओवर लागलं. तिघे नोकऱ्या सोडून मायदेशी गेले, आज तिकडे मोठमोठी सभागृहं भरतात. गाण्याच्या सुरुवातीचे आठ सूर वाजले की लोक वेडे होतात. ते आठ सूर माझे, असं सगळे मानतात.

मानतात — कारण मीच तसं सांगितलं.

ते सूर सुदाम कांबळेचे. नांदेडकडचा, एसी दुरुस्त करणारा. तालमीच्या खोलीतला एसी बंद पडला म्हणून आला होता. काम आटोपल्यावर संकोचत म्हणाला, "सर, जरा वाजवू का? जयंतीच्या गाण्याला चाल बांधलीय." बाबासाहेबांवरचं गाणं, त्यानंच लिहिलेलं. हात पुसून उभ्या उभ्याच वाजवलं, एका बोटानं. माझ्या अंगावर काटा आला. ते त्याला सांगितलं का मी? "छान," म्हणालो, आणि दार उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तालमीत तीच चाल वाजवली. कुणाची, डॅनीनं विचारलं. माझी, म्हणालो.

विसरलो होतो? छे! एसीवाल्याला, त्यातून कांबळेला, जे सुचलं ते मला तीस वर्षांत सुचलं नाही — हे सहन झालं नाही. आमच्या घरी म्हणायचे, 'कला आपल्यातच आहे.' आपल्यात म्हणजे कुणात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. जातीचा माज, दुसरं काय?

गेल्या महिन्यात सुदाम बाजारात, बाब अल बहरीनच्या वेशीपाशी भेटला, दहावीतल्या लेकीबरोबर. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "सर, आपलं गाणं लय गाजलं! हिला सांगतो, चाल माझी हाय म्हणून. ऐकतच नाही."

लेक लाजून लाल झाली. "पप्पा, प्लीज! इट्स अ ब्रिटिश साँग. अंकल, टेल हिम ना."

दोघंही माझ्याकडे बघत होते. सुदामच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं वाट बघणं होतं. आणि मी? मी हसलो — आणि तिच्या बाजूनं मान हलवली. सुदामनं हळूच माझा हात सोडला.

चाल सुदाम कांबळेची आहे. आठही सूर.