सतरंजीची पिल्लं

मत्स्यालयातली वाळूची टाकी ताईंच्या ताब्यात होती. तिच्यात एकच पाकट, तीही मादी. पाकट म्हणजे परातीसारखा चपटा, तळाशी पसरून राहणारा मासा. शेपटीला विषारी काटा. ही तळहाताएवढी होती तेव्हापासून ताईंनीच वाढवलेली. दिवसभर अंगावर वाळू ओढून पडायची. वर दिसायचे ते दोन डोळे आणि त्यांच्यामागची श्वासाची भोकं. म्हणून ताईंनी नाव ठेवलं सतरंजी. तोंड पोटाच्या बाजूला, त्यामुळे शिंपला दिसला की ती त्याच्यावर चक्क पालथी बसायची आणि कडाकड फोडून खायची.

एका सकाळी काच पुसताना ताईंचा हात थांबला. वाळूतून नको तितके डोळे त्यांच्याकडे बघत होते.

"साहेब, सतरंजीला पिल्लं झालीत. दोन!"

मत्स्यालयाचे साहेब धावतच आले. "हिच्यात नर कुणी सोडला?"

"मी कशाला सोडू? कधी आणि कुठून आणू?"

"मग काय हवेतून आली?"

टाकी साफ करताना कधी चुकून दुसरा मासा आत गेला असेल का, हे ताई मनातल्या मनात चाचपू लागल्या. न केलेली चूकही आठवल्यासारखी वाटायला लागली.

घरी सासूबाईंनी जेवता जेवता ऐकलं. "अगं, बापाशिवाय कसं होईल? तुझंच लक्ष नसेल."

"इतकी वर्षं मीच तर आहे तिथे!"

"तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लांच्या कातडीचे बारीक तुकडे तपासायला पाठवले. उत्तर आल्यावर त्यांनी साहेबांना आणि ताईंना समोर बसवलं. "नराचा अंशच नाही. सगळं आईचं. क्वचित होतं असं."

"पण का होतं?" ताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते मलाही नीट सांगता येणार नाही."

साहेब ओशाळून म्हणाले, "ताई, मी उगाच तुमच्यावर घसरलो." ताईंनी मान हलवली, पण डोक्यातला गुंता काही सुटला नाही.

एक पिल्लू आठवडाभरात गेलं. दुसरं खाईना. ताईंनी त्याला वेगळ्या टाकीत ठेवलं, कोळंबी कुटून चिमट्याने तोंडाखाली धरली, रोज. शेवटी एकदा ते कोळंबीवर पालथं पडलं आणि ती नाहीशी झाली. ताई एकट्याच हसल्या.

पुढे लोक पिल्लू बघायला येऊ लागले. एका बाईंनी विचारलं, "याचा बाप कुठाय हो?"

"नाहीये."

"अरेरे! मेला का?"

"नाही हो. नव्हताच."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ताईंनाही आपलं बोलणं विचित्र वाटलं. मग त्या म्हणाल्या, "मलाही कळलेलं नाही," आणि पिल्लू नेमकं कुठल्या कोपऱ्यात वाळूत दडलंय ते बोटाने दाखवू लागल्या.